‘मिलिटरी सरप्लस’ रिव्हॉल्व्हर घरी येऊन नवं करून देणारा माणूस : सावध राहा

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांची घरं हेरत एक माणूस उत्तर गोव्यात फिरतो आहे. लष्करातून निघालेलं म्हणून एक गंजलेलं रिव्हॉल्व्हर तो विकतो. मग तेच विकत घेणाऱ्याच्या घरी बसून साफ करून, मुलामा चढवून, हवी तशी मूठ लावून द्यायचं काम अंगावर घेतो. माझे त्याने ७४ हजार रुपये नेले. पण खरी फसवणूक त्या पैशांच्या पुढे सुरू होते, आणि ती सगळ्यांना कळावी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमचं घर डिचोली तालुक्यात. माडीवरच्या खोलीत मी जुनं सामान जपून ठेवलं आहे. पोर्तुगीज काळातली नाणी, पितळी समया, कुलपं, एकसष्ट सालच्या मुक्तीच्या दिवसांतली वर्तमानपत्रं. हा छंद आसपासच्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळख झालेल्या एकाचं नाव सांगून तो माणूस चवथीनंतर आमच्याकडे आला. केस बारीक कापलेले, उभं राहणं ताठ, बोलणं आर्जवी. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची दुरुस्ती करायचो, आता निवृत्त आहे, असं म्हणाला. मला काका, बायकोला काकी. कापडात गुंडाळलेली वस्तू त्याने पडवीत बाकावर उलगडली.

“ब्रिटिश सैन्याचं वेबली मार्क सहा आहे, काका. पहिल्या महायुद्धातलं. रेजिमेंटने मोडीत काढलं, लिलावात सुटलं. नळीत शिसं ओतून बंद केलंय. शोभेची वस्तू. लायसन लागत नाही.”

सोबत शंभराच्या स्टॅम्प पेपरवर टाईप केलेला दाखला, त्यावर गोल शिक्का. वस्तू पुराणकालीन, निकामी, परवान्याची गरज नाही, असा मजकूर. किंमत २८ हजार.

हा दाखला अर्धा खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये अशी सूट खरोखरच आहे. जुन्या, वापरातून गेलेल्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार त्या कायद्यातून वगळलं आहे. पण त्याला एक अट जोडलेली आहे : दुरुस्ती न करता तर नाहीच, पण दुरुस्ती करूनसुद्धा ते बंदूक म्हणून चालू शकत नसेल, तरच. म्हणजे आज ते उडत नाही एवढं पुरेसं नाही. उद्या कुणा कारागिराच्या हातून ते चालू होण्यासारखं असेल, तर सूट संपली. शिवाय हा निर्णय विकणाऱ्याच्या स्टॅम्प पेपरवर होत नाही. आणि वस्तू खरोखर शंभर वर्षांपलीकडची पुराणवस्तू असेल, तर ती विकण्याचा धंदा करायलाही १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. तो त्याच्याकडे नव्हता.

आमच्याकडे सत्तरी-डिचोलीत बंदुकीचा परवाना ही नवलाची गोष्ट नाही. रानडुकरं नि माकडं बागायतीची नासधूस करतात, म्हणून कित्येक घरांत परवान्याची बंदूक असते आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परवाना म्हणजे काय हे इथल्या माणसाला चांगलं कळतं. म्हणूनच हा माणूस ‘बंदूक’ असा शब्दच काढत नाही. त्याच्या तोंडी कायम ‘अँटिक’, ‘शोपीस’, ‘सरप्लस’.

या ‘सरप्लस’बद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेत लष्करातून निघालेली जुनी रिव्हॉल्व्हरं तिथल्या दुकानांत मिळतात, लोक ती घरी आणून घासूनपुसून, मुठी बदलून नवी करतात. त्याचे व्हिडिओ आपल्याकडची मुलं रात्र रात्र बघतात. हा माणूस तेच व्हिडिओ आपल्या फोनवर दाखवतो. पण आपल्याकडे चालू हत्यार विकत घ्यायलाच परवाना लागतो, आणि ते विकायला, दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायला शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. त्यातून वेबली मार्क सहा हे .४५५ बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचं. .४५५ आणि .३८० ची लष्करी काडतुसं घेणारी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. साधा परवाना असलेल्या माणसालाही ती चालत नाहीत. हे कुणाच्या पडवीत बसून करायचं काम नव्हे.

खरेदी झाल्यावर पंधरवड्याने तो परत आला. “असं गंजकं ठेवायचं का, काका? परदेशातून ओरिजनल सरप्लस पार्ट मागवतो. निकेल चढवू. हस्तिदंती मूठ लावू, त्यावर तुमची आद्याक्षरं.” सुट्या भागांसाठी २२ हजार आगाऊ, मुलामा आणि मुठीचे १४ हजार. हस्तिदंताचं मी तिथल्या तिथे नको म्हटलं, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो व्यापारच बंद आहे. त्यावर तो हसून म्हणाला, जुन्या साठ्यातला आहे. पुढे ती मूठ प्लास्टिकची निघाली. प्लास्टिक निघालं हे बरंच झालं.

दोन दिवस तो आमच्या पडवीत बसला होता. बाटलीतलं कसलंसं ॲसिड, विजेवर फिरणारं पॉलिशचं चाक, काळ्या चिंध्या. गंज जात होता, आणि त्याच्यासोबत धातूवरची अक्षरंही जात होती. मी दोनदा हटकलं. “काका, नवं दिसायला हवं ना?” असं म्हणून तो चाक फिरवत राहिला. संध्याकाळपर्यंत डाव्या अंगावरचं नाव, साल, क्रमांक सगळं पुसट होऊन गेलं.

जुन्या लष्करी हत्याराचं सगळं मोल त्या खुणांतच असतं. कारखान्याचं नाव, साल, चाचणी झाल्याचे शिक्के, सरकारी मालकीचा बाण, चौकटीवर आणि चक्रावर जुळणारा क्रमांक. ब्रिटिश सैन्यातून हत्यार बाहेर विकलं गेलं, तर टोकाला टोक भिडलेले दोन बाण त्यावर उमटवत. त्यावरून ते कुठून कुठे गेलं हे वाचता येतं. संग्रहालयात अशी वस्तू आली तर तिच्यावर चाक फिरवत नाहीत. मऊ कापड, हलकं तेल, कोरडी जागा, बस्स. शंभर वर्षांचा काळसरपणा हाही तिचाच भाग असतो. आमच्या पावसात लोखंड जपणं कठीण आहे हे मान्य, पण चकचकीत केलेलं जुनं हत्यार अभ्यासकाच्या दृष्टीने मेलेलं असतं.

आणि हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. हत्यारावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण काढणं, पुसणं, बदलणं हाच शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे. तो माणूस हे जाणून होता. तो पॉलिश करत नव्हता, मला अडकवत होता.

दुसऱ्या दिवशी जाता जाता त्याने हळूच विचारलं, “नळी मोकळी करून देऊ का? खरी मजा तर त्यात आहे.” मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि हे काम इथेच थांबव म्हणून सांगितलं. तो हो म्हणाला. मग काही दिवसांनी फोन आला, की परदेशातून मागवलेले सुटे भाग कस्टम्समध्ये अडकलेत, १० हजार ताबडतोब पाठवा, नाहीतर तुमच्या नावावर केस होईल. माझं नाव आणि पत्ता त्याने पार्सलवर घातला होता म्हणे. ते पैसेही गेले.

त्यानंतर खरा चेहरा दिसला. आवाज वेगळा, काका नाही की काकी नाही. “तुमच्या घरात बिनपरवान्याचं चालू रिव्हॉल्व्हर आहे. नंबर घासलेला आहे. नळी मी तेव्हाच मोकळी केली. फोटो आहेत माझ्याकडे, तुमच्या पडवीतले. दोन लाख द्या.”

त्याचा सगळा डाव या एका फोनसाठी रचलेला असतो. वस्तू विकणं, भाग मागवणं, मूठ लावणं ही नुसती पायवाट. घरी येऊन काम करण्याचा आग्रहही याचसाठी, कारण फोटोत पडवी आपली दिसली पाहिजे. फसलेला माणूस स्वतःच गुन्हेगार ठरण्याच्या धास्तीने गप्प बसतो, घरातल्यांना सांगत नाही, आणि पैसे देत राहतो. काहींनी तर घाबरून ती वस्तू विहिरीत टाकली असेल. तसं कुणी करू नये. पुरावा नष्ट केल्याचा ठपका वर येईल आणि त्याची पकड आणखी घट्ट होईल.

मी त्याच संध्याकाळी म्हापशाच्या एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलं विचारलं ते असं, “हात लावण्याआधीचे फोटो आहेत का?” होते. नवीन वस्तू आली की सगळ्या बाजूंनी फोटो काढून वहीत नोंद करायची ही माझी जुनी सवय. वकील म्हणाले, आता वस्तूला हात लावू नका, कुठे घेऊन फिरू नका, लेखी तक्रार करू आणि पोलिसांनाच घरी बोलावू. तसंच केलं. पंचनामा करून वस्तू ताब्यात घेतली गेली आणि तपासणीसाठी पाठवली गेली. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ म्हणजे फसवणूक आणि ३०८ म्हणजे खंडणी यांखाली नोंदवली. ऑनलाइन पाठवलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच रात्री फोन केला. शेवटची रक्कम त्या खात्यात अजून पडून होती, ती गोठवली गेली. आधीचे पैसे रोख दिलेले, त्यांचा माग कठीण आहे.

माझे जुने फोटो वकिलांनी हत्यारांचा परवानाधारक व्यवसाय करणाऱ्या एका जाणकारांना दाखवले. त्यांनी मोठं करून पाहिलं आणि पहिल्या नजरेतच सालावर बोट ठेवलं. तिथे १९१२ कोरलेलं होतं. वेबलीचं मार्क सहा ब्रिटिश सैन्याने स्वीकारलं ते १९१५ मध्ये. १९१२ चं मार्क सहा असूच शकत नाही. मग त्यांनी एक उलटं कोरलेलं अक्षर दाखवलं, ओळी वाकड्या गेलेल्या दाखवल्या. अक्षर न जाणणाऱ्या हाताने नुसतं चित्र म्हणून उतरवलेला मजकूर असा दिसतो. सरहद्दीपलीकडे पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलला ब्रिटिश हत्यारांच्या हाती घडवलेल्या नकला पिढ्यान् पिढ्या बनत आल्या आहेत, त्यांच्यावर अशा चुका हमखास सापडतात. ही नेमकी तिथलीच नक्कल का, हे त्यांनी सांगितलं नाही, पण वेबलीच्या बर्मिंगहॅमच्या कारखान्याचा माल नव्हे एवढं ठामपणे सांगितलं. म्हणजे चाक फिरवून त्याने एका दगडात दोन गोष्टी साधल्या होत्या : माझ्यावर गुन्ह्याची टांगती तलवार आली, आणि वस्तू बनावट असल्याचा पुरावा पुसला गेला. ते फोटो नसते तर हे कधीच सिद्ध करता आलं नसतं.

नळी त्याने खरंच मोकळी केली होती का, हे तपासणीच्या अहवालातून कळेल. वकिलांचं म्हणणं असं, की आपण स्वतः होऊन, धमकीचे संदेश हातात असताना, वस्तू जागची न हलवता तक्रार केली, याला मोठं वजन आहे. चौकशीला मला अजून जावं लागतं. जातो.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचं असं काही ट्रंकेत सापडलं असेल, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते तसंच दडवूनही ठेवू नये. वारसाने वकिलाच्या सल्ल्याने पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवावं. वस्तू परवान्याची आहे, कायद्यातून सूट असलेली आहे की जमा करायची आहे, हे तिथेच ठरतं. तोपर्यंत तिचा गंज काढायला कुणालाही घरात घेऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

माझी हकिकत ऐकून पेडण्याच्या एका गृहस्थांनी स्वतःहून फोन केला. त्यांच्याकडेही तोच कापडात गुंडाळलेला ऐवज, तसाच स्टॅम्प पेपर, मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. त्या माणसाने मागितलेल्या खंडणीतले काही पैसे या गृहस्थांनी देऊनही टाकले होते आणि घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आता त्यांनीही तक्रार दिली आहे. तो आणखी कुणाकडे येऊन गेला असेल तर स्टॅम्प पेपर, कॉलची नोंद, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि वस्तूचे पहिले फोटो जपून ठेवा, आणि वकिलाला सोबत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. स्टॅम्प पेपर विकणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागच्या बाजूला असतो. आमच्या दोघांच्या कागदांवरून तपास सध्या त्याच धाग्याने पुढे चालला आहे.