डॅडारिओ ईजे २६ गिटारच्या तारा: आपल्या उन्हात अन् कूलरच्या हवेत कशा टिकतात

राजेहो, खेड्यात साध्या प्लायच्या गिटारवर वाजवणाऱ्यांसाठी हे लिहून राहिलो. सेट डॅडारिओ कंपनीचा, फॉस्फर ब्राँझ (जाड तारांवरच्या वेढ्याचा धातू), ईजे २६, म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार ०११ अन् सहावी, सगळ्यात जाड ०५२ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). जो तो ईजे १६ घ्या म्हणते, तो १२-५३ चा, आवाज त्याचा जास्त भरीव आहे हे खरंच, पण १२ चा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढ देतात अन् स्वस्त गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथं अडकतात ती लाकडी पट्टी, नुसता गोंदावर चिकटलेला राहते. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत तो गोंद नरम पडते, मंग ब्रिज मागून उचलते. ११ नं ओढ कमी होते, बोटांनाही बरं पडते, एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा एफ कॉर्ड लावताना तर लगेच समजते.

आमच्या भजन मंडळात पेटी काळी एकला (म्हणजे सी शार्प सुरात) चालते, म्हणून मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी च्या कॉर्डचे शेप वाजवतो. खंजिरी अन् टाळ जोरात असले की पातळ तारा दबतात, तिथं हा सेट १२ पेक्षा थोडा कमी पडते, पण जाड तारांचा आवाज गोड अन् गोल येते, गाणाऱ्याच्या आवाजाला टोचत नाही. पहिले काही दिवस जरा खणखणीत वाजते, मंग बसते.

सगळ्या तारा एकाच सीलबंद पिशवीत येतात, नंबर लिहिलेली पाकिटं नसतात, टोकाच्या गोळीच्या रंगावरून ओळखायची. पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. डुप्लिकेट माल लय फिरते, तवा आतल्या पिशवीवरचा कोड कंपनीच्या साइटवर टाकून पाहून घ्या.

लावताना गोळी ब्रिजच्या भोकात तार धरून ठेवणाऱ्या पिनच्या टोकावर अडकू देऊ नका, पिन बसवून तार वर ओढा, गोळी आत लाकडाला टेकली पाहिजे, नाहीतर सूर चढवता चढवता पिन टुणकन बाहेर येते. जाड तारांना खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे, बारीकला एखादा जास्त. नंतर हातानं हळू ताणून परत सुरात लावा, काहून का नवी तार सैल पडतच राहते.

आता टिकण्याचं. पहिल्या दोन तारा साध्या स्टीलच्या, गंज आधी तिथंच. पावसाळ्यात तर होतेच, पण आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर गिटार टेकवून ठेवतात, ती ओली हवा थेट तारांवर, अन् वरून घामाचे हात. वाजवून झालं की सुती कापडाचा तुकडा तारेखाली घालून वरून-खालून पुसा अन् गिटार कव्हरमध्ये ठेवा, एवढ्यानंच लय फरक पडते. खोबरेल तेल लावू नका, धूळ चिकटून आवाज मरते. एलिक्सर कंपनीच्या कोटिंगवाल्या (वरून पातळ थर दिलेल्या) तारा जास्त टिकतात पण महाग, रोज वाजवत असाल अन् हाताला घाम जास्त असेल तरच घ्या. अन् नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर यातलं काहीच चढवू नका, ती एवढी ओढ सोसत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. मागवताना ०११ ची सुटी तार एक-दोन जास्तीची घेऊन घ्या, तीच आधी तुटते अन् तालुक्याच्या दुकानात सुटी भेटत नाही.