नियम वर्गात शिकवायचे की वाटेवर?

सहलीआधी वर्गात ‘लीव्ह नो ट्रेस’ची, म्हणजे निसर्गात आपली खूण मागे न ठेवता फिरण्याची, ७ तत्त्वं सांगता येतात. तासाभरात आटोपतं, आणि डबा कशात न्यायचा, कचऱ्याची पिशवी कोण घेणार, हे आधीच ठरतं. तयारीपुरतं उत्तमच. पण शौचाला पाण्यापासून ६० मीटर लांब जायचं म्हणजे नेमकं किती, हे फळ्यावर कळत नाही.

तेच ओढ्याकाठी मुलांना पावलांनी मोजायला लावा. मोठ्या माणसाची साधारण ८० पावलं, लहानांची बरीच जास्त. मोजताना मुलं चकितच होतात! ओला दगड हळूच उचलला की खाली बिलगलेले किडे दिसतात. मग तो होता तसाच अलगद ठेवायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. चिखल टाळून सगळे कडेने चालले की गवत तुडवलं जातं आणि पायवाट रुंदावत जाते, तेही तिथेच दाखवता येतं.

यात वेळ जातो, आणि गट लहानच हवा. मोठ्या घोळक्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही. तरीही मी वाटेवरचं शिकवणंच निवडेन. वर्गातला तास सामानाच्या यादीला पुरे.