आठ महिने ओटीजीवर घरचा ब्रेड: काटा २०० वर, आत १६५

काल सर्व्हिसचा माणूस तिसऱ्यांदा येऊन थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा पार्ट, बदलून गेला, म्हणून आज लिहायला बसले. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, २८ लिटरचा, १५०० वॉटचा, दोन तापणारे रॉड वर आणि दोन खाली, नेहमीसारखाच. जाळ्या, ट्रे, टायमर सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देते. मिक्सरच्या ६ अँपियरच्या प्लगवर मात्र लावू नका, १६ चा पॉइंट लागतो. मला बोलायचंय ते तापमानाच्या काट्याबद्दल.

ऑगस्टमध्ये घेतला तेव्हा ब्रेडचा गंधही नव्हता. साधा दुधाचा ब्रेड करायचा ठरवलं: ३५० ग्रॅम मैदा, २४० मिली कोमट दूध, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ, थोडी साखर, थोडं लोणी. काटा १९० वर, वेळ ३५ मिनिटं. पहिला ब्रेड पांढराफटक निघाला. कापला तर सुरीला चिकटला, मधला गाभा ओल्या कणकेसारखा. बोटाने दाबला तर दबलेलाच राहिला.

मी आधी यीस्टला दोष दिला. कोमट पाण्यात साखर घालून तपासलं, दहा मिनिटांत छान फेस आला. मग मैद्याचा ब्रँड बदलला. मग वाटलं, मळणं कमी पडतंय. वीस-वीस मिनिटं मळलं, गोळ्याचा तुकडा ताणून त्यातून खिडकीचा उजेड दिसेपर्यंत. पीठ उत्तम फुगायचं, टिनच्या काठावर यायचं, आणि आत गेलं की तसंच बसायचं. नोव्हेंबरपर्यंत सात ब्रेड झाले, सातही असेच. फ्रीझर ब्रेडच्या चुऱ्याने भरला. आपल्या हाताला हे जमणारच नाही, असं मी धरून चालले होते. त्या तीन महिन्यांचा राग मला अजून आहे.

सासूबाईंनी एकदाच विचारलं, "अगं, भट्टी तापते का तुझी नीट?" दिवाळीआधी त्या रवा-तूप-साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायच्या. भट्टीवाला आधी भट्टी बघायचा, मग डबे हातात घ्यायचा. मी म्हटलं, "आई, काटा १९० दाखवतोय ना." तोच काटा खोटा होता.

लगेच पैसे घालवायचे नव्हते, म्हणून साखरेने तपासलं. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, काटा १९० वर, ओटीजी नीट तापल्यावर पंधरा मिनिटं आत. दाणा न् दाणा कोरडा. काटा २२५ पर्यंत नेला तेव्हा कुठे कडेने पाणी सुटायला लागलं. मग मात्र साडेतीनशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आणला. काटा २०० वर असताना आत १६५. रॉड चालू-बंद होतात तसा पारा वरखाली होतो, त्यामुळे एकदाच बघून ठरवू नका. मी तीन फेऱ्या बघितल्या.

इथे माझं मत बदललं. डिसेंबरात हा ओटीजी मी कोणालाही घेऊ दिला नसता. पण चूक दर वेळी तेवढीच होती, ३५ अंशांची. काटा २२५ वर ठेवून केलेला पहिला ब्रेड आठ-दहा मिनिटांतच टिनच्या वर आला. टिन सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा आणि वीस मिनिटांनी वरून फॉइल टाका, नाहीतर वरचा रॉड साल करपवतो. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा रोज बातम्यांत होता तेव्हा, पीठ फुगायला तीन तास लागले. आत्ता एप्रिलमध्ये पाऊण तासात काम होतं. निम्मी चक्कीची कणीक घातली तर दूध ३०-४० मिली जास्त लागतं, ब्रेड थोडा बसका होतो, पण चवीला मला तोच आवडतो.

ओटीजी चालत होता तरी वॉरंटी दोन वर्षांची, म्हणून तक्रार केलीच. पहिला माणूस नऊ दिवसांनी आला, रॉड लाल झालेले बघितले आणि म्हणाला, "मॅडम, गरम होतंय की." तक्रार परस्पर बंद केली. दुसऱ्या वेळी मी थर्मामीटर आत ठेवूनच त्याला बसवून घेतलं. "सगळ्यांचंच थोडं इकडेतिकडे असतं," म्हणाला. ३५ अंश म्हणजे थोडं नव्हे. तेवढ्यात ब्रेड कच्चा राहतो, आणि नवशिका स्वतःलाच दोष देत बसतो. पंधरा दिवस फोन करून, फोटो पाठवून काल पार्ट बदलला. पार्ट फुकट, व्हिजिटचे ३५० रुपये मात्र घेतले.

पैसे वाचवायला घेणार असाल तर घेऊ नका. दूध, लोणी, वीज धरून ब्रेड दुकानातल्याइतकाच पडतो, कधी जास्तच. घेतलात तर पहिल्या दिवशी पीठ मळायच्या आधी थर्मामीटर आत ठेवून बघा, आणि चूक निघाली तर बिल, फोटो घेऊन लगेच तक्रार करा.

आज सकाळी काटा २०० वर ठेवला, आत १९५. ब्रेड बाहेर काढून उलटा केला, बुडाला टकटक केलं, पोकळ आवाज आला. मधोमध काडीचा थर्मामीटर खुपसला, ९४ अंश, म्हणजे आतपर्यंत भाजला. सासूबाईंनी गार व्हायची वाट न बघता कडेचा तुकडा तोडला. ३५० रुपये परत मागितले आहेत, ती तक्रार अजून उघडी आहे.