एल्म, साग आणि चॅरिटी शॉप: बकिंगहॅमशरमध्ये जुनं फर्निचर शोधताना

इंग्लंडमध्ये नव्याने घर मांडणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी एकच सांगते: शोरूममध्ये जाऊन भुशाच्या बोर्डचं फर्निचर हप्त्यावर घेण्याआधी गावातली चॅरिटी शॉप्स, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकून धर्मादाय संस्थांसाठी पैसा उभारणारी दुकानं, बघून या. आमच्या जेवणाच्या खुर्च्या, लेकीच्या खोलीतलं ड्रॉवरचं कपाट, दिवाणखान्यातला साइडबोर्ड (भांडीकुंडी ठेवायचं लांब, बुटकं कपाट), सगळं याच दुकानांतून आलं आहे. त्यातली एकही वस्तू गेल्या तीस-चाळीस वर्षांतली नाही आणि एकही डुगडुगत नाही.

मी एल्सबरीला राहते, त्यामुळे हे सगळं एल्सबरी, हाय वीकम, थेम, अ‍ॅमरशॅम आणि ऑक्सफर्ड या पट्ट्याबद्दल आहे. चिपळूणला आमची लाकडाची वखार होती. करवतीखालून निघालेल्या सागाचा वास, फणसाचा पिवळेपणा, शिसवीचं वजन हे सगळं शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. लाकूड वरून बघू नये, उलटं करून बघावं, हे अण्णांनी शिकवलं. ते इथे जितकं कामाला आलं तितकं दुसरं काही आलं नाही.

आमच्या पट्ट्याचं नशीब म्हणजे हाय वीकम. जवळच्या चिल्टर्नच्या टेकड्यांवर बीच नावाच्या झाडांची दाट राई. त्या राईत बसूनच कारागीर खुर्च्यांचे पाय कातायचे आणि गावातल्या कारखान्यांत खुर्च्या जोडल्या जायच्या. गावाच्या फुटबॉल संघाला आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. एर्कोल, जी-प्लॅन काढणारी ई. गोम कंपनी, पार्कर नॉल ही फर्निचर बनवणारी सगळी नावं याच गावची. साहजिकच इथल्या घरांत त्यांचा माल भरलेला आहे. म्हातारी माणसं घर आवरून लहान जागेत जातात किंवा त्यांच्या मागे मुलं घर रिकामं करतात, तेव्हा तो माल सरळ जवळच्या चॅरिटी शॉपमध्ये येतो.

आधी एर्कोलबद्दल, कारण माझा जीव तिथेच आहे. लुसियन एर्कोलानी मूळचा इटलीचा, जन्म १८८८चा. त्याने १९२० मध्ये वीकमला कारखाना काढला. १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ब्रिटिश सरकारने त्याच्याकडे एक लाख स्वस्त खुर्च्यांची मागणी केली. स्वयंपाकघरात वापरायची साधी विंडसर खुर्ची, म्हणजे लाकडी बैठकीत पाय आणि पाठीच्या काड्या खोचलेली, पण यंत्रावर हजारोंनी काढता येईल अशी. चौकट बीचची, वाफेवर वाकवलेली. बैठक एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची. एल्मचे रेषे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की भोक पाडलं, ठोकलं तरी फळी सहसा चिरत नाही. म्हणून पायाची टोकं बैठकीतून आरपार वर आणून त्यांत पाचर मारता येते. बैठकीवर हात फिरवला की चार गोल ठिपके लागतात, प्रत्येकात पाचरीची आडवी रेघ. साठ वर्षं माणसं बसली तरी जोड ढिला होत नाही.

थेममधल्या एका हॉस्पिसच्या (अखेरच्या आजारातल्या माणसांची सेवा करणाऱ्या संस्थेच्या) दुकानात अशा दोन खुर्च्या मला साठ पौंडांना मिळाल्या. दुकानातूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. “अण्णा, बघा हो, हे कुठलं लाकूड वाटतंय?” त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “अगं, आपल्याकडचं नाही ते. पण पाचर कशी बसवल्येय बघ. खुर्ची उलटी कर जरा.” मी उलटी केली. “घे,” म्हणाले, “दोन्ही घे.”

हे एल्म आता सहजी मिळत नाही, म्हणूनही या जुन्या बैठकी मोलाच्या. सत्तरच्या दशकापासून डच एल्म रोगाने ब्रिटनमधली अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. सालीत राहणारा एक भुंगा बुरशी पसरवतो आणि झाड आतून वाळत जातं. एर्कोल कंपनी अजून चालू आहे, २००२ मध्ये वीकम सोडून जवळच प्रिन्सेस रिझबरोला गेली. पण त्या रुंद, लाटा उठल्यासारख्या रेषांच्या जुन्या बैठकी चॅरिटी शॉपमध्येच शोधाव्या लागतात.

जी-प्लॅनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते १९५३ मध्ये बाजारात आलं आणि साठच्या दशकात घरोघर गेलं. सागाचे लांब, बुटके साइडबोर्ड, लाकडातच कोरलेल्या मुठी. दिसायला देखणे. आपण कोकणातली माणसं साग म्हटलं की पूर्ण भरीव फळी धरून चालतो. इथे तसं नाही. बहुतेक ठिकाणी कडा आणि मुठी भरीव सागाच्या, आणि मोठे पृष्ठभाग सागाच्या व्हिनियरचे, म्हणजे बोर्डवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे. पाय कित्येकदा अफ्रोर्मोशिया नावाच्या पश्चिम आफ्रिकेतल्या लाकडाचे, रंगाने सागासारखेच. यात फसवणूक काही नाही, काम उत्तमच आहे. पण व्हिनियर एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. मशीन लावून घासायला गेलात तर खालचा बोर्ड वर येतो आणि मग इलाज नाही. चहाच्या कपाचे डाग असतील तर अगदी बारीक स्टील वूल (पोलादाच्या तारांचा लोकरीसारखा पुंजका), थोडं व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचा द्रव), रेषांच्या दिशेने हलका हात, आणि वर तेल. तेवढंच करायचं.

जी-प्लॅन ओळखायचं तर ड्रॉवर उघडून आत शिक्का बघा. पण हल्ली दुकानवालेही शिक्का बघतात. आमच्या भागातल्या एका दुकानाने पाठीमागची प्लाय सुटलेल्या, एक सरकतं दार अडकलेल्या साइडबोर्डवर चारशे पंचाण्णव पौंडांची चिठ्ठी लावली होती आणि शेजारी इंटरनेटवरच्या जाहिरातीची छापील प्रत. जाहिरातीतला भाव म्हणजे कुणीतरी मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. धर्मादाय काम आहे, चार पैसे जास्त मिळावेत असं मलाही वाटतं. पण तो साइडबोर्ड महिनोन्‌महिने तिथेच अडून राहिला, आणि मागे दान आलेल्या वस्तूंना ठेवायला जागा नव्हती.

म्हणून माझा सल्ला: नावामागे धावू नका. ज्याला इथे ‘ब्राउन फर्निचर’ म्हणून नाक मुरडतात त्याच्याकडे जा. स्टॅग कंपनीची ‘मिन्स्ट्रेल’ मालिका घ्या. जॉन आणि सिल्व्हिया रीड या जोडप्याने केलेलं डिझाइन, १९६४चं, गडद महोगनी रंगाचं. इथल्या लोकांना त्यात आजीचं बेडरूम दिसतं, म्हणून कुणी हात लावत नाही. लेकीचं ड्रॉवरचं कपाट तेच आहे, चाळीस पौंडांचं. ड्रॉवर एका बोटाने सरकतो. आत लोकरीचे कपडे ठेवा, रजई ठेवा, तळ खाली झुकत नाही. या पैशात नवं घ्यायला गेलात तर जे मिळेल ते एकदा घर बदललं की स्क्रूच्या भोकातून भुसा सांडायला लागतं.

त्याहून जुनं आणि त्याहून दुर्लक्षित म्हणजे युटिलिटी फर्निचर. युद्धात लाकूड कमी पडलं तेव्हा १९४२ पासून सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यांचंच फर्निचर बनवायची परवानगी होती, तीही आधी नवविवाहितांसाठी आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांसाठी. ही योजना १९५२ पर्यंत चालली. ओकची साधी कपाटं, नक्षी नाही, पण जोड पक्के. मागे किंवा ड्रॉवरच्या आत ‘सीसी ४१’ अशी खूण असते, दोन तोडलेल्या चकत्यांसारखी. ऑक्सफर्डला एका कपाटामागे ती खूण दिसली तेव्हा मी बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून उभी होते. टंचाईच्या काळात सरकारने सामान्य माणसाला टिकाऊ वस्तू मिळावी म्हणून इतका विचार केला, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्या कपाटाची किंमत पस्तीस पौंड होती.

बघायचं कसं? पुढून शेवटी बघा. आधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि कोपऱ्यातला जोड बघा. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा कापलेला जोड असेल तर निम्मं काम झालं. स्टेपल मारलेले असतील तर पुढे जा. मग वस्तू थोडी पुढे ओढून पाठ बघा. पाय एकेक करून दाबा. आणि किडीची भोकं बघा: दीड-दोन मिलिमीटरची, गोल. भोकं जुनी, काळवंडलेली असतील तर कीड बहुधा मेलेली असते. भोकाखाली ताजा, फिकट भुसा पडला असेल तर वस्तू कितीही सुंदर असो, घरात आणू नका. चिपळूणला पावसाळ्यानंतर आम्ही वखारीत हेच बघायचो.

गादीच्या खुर्च्या आणि सोफा यांचं गणित निराळं आहे. नव्याने आलेल्यांना कळत नाही की दुकानात साठच्या दशकातल्या आरामखुर्चीची नुसती लाकडी चौकट का ठेवली आहे. कारण कायद्यात आहे. जुन्या फोमच्या गाद्या झपाट्याने पेटायच्या आणि विषारी धूर सोडायच्या. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचरला आग लागून दहा माणसं गेली. १९८८ मध्ये अग्निसुरक्षेचे कडक नियम आले. आता गादीवर आगरोधक असल्याचं कायमचं लेबल नसेल तर चॅरिटी शॉप ती विकू शकत नाही. १९५० पूर्वी बनलेल्या वस्तूंना हे नियम लागू नाहीत. दान देताना ही लेबलं कापू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. लेबल कापलेले चांगले चांगले सोफे दुकानांना परत पाठवावे लागतात. आणि चौकट नुसती दिसली तर आनंदाने घ्या. नव्या नियमातल्या फोमच्या गाद्या मापानुसार शिवून मिळतात.

आता दुकानं. मोठं सामान हवं असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची फर्निचरची दुकानं. हृदयरोगावरच्या संशोधनाला पैसा जातो. जागा प्रशस्त, वस्तू स्वच्छ, घरपोच पोहोचवायची सोय, आणि तुमचं जुनं सामान न्यायला गाडी फुकट येते. उणीव एवढीच की नव्यासारख्या दिसणाऱ्या सोफ्यांची गर्दी जास्त, जुन्या लाकडासाठी कोपरे धुंडाळावे लागतात.

माझी सर्वांत आवडती मात्र इमेअसची. फ्रान्समध्ये १९४९ साली सुरू झालेली ही चळवळ. बेघर झालेल्या माणसांना राहायला खोली आणि करायला काम देते, आणि ते काम म्हणजे बहुतेकदा हेच: दान आलेलं फर्निचर आणायचं, नीट करायचं, विकायचं. तिथे राहून काम करणाऱ्यांना ‘कंपॅनियन’ म्हणतात. ऑक्सफर्डला काउलीत त्यांचं दुकान आहे. तिथल्या एका काकांनी मला साइडबोर्डचं बिजागर कसं बदललं ते इतक्या प्रेमाने दाखवलं की वखारीतले आमचे सुतार आठवले. तिथे मी घासाघीस करत नाही. कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. लक्ष्मी रोडवरची सवय तिथे बाजूला ठेवावी.

ऑक्सफॅमचं पहिलं दुकान ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर, ते आजही आहे, पण फर्निचरसाठी जाण्यात अर्थ नाही. तिथे आणि गावोगावच्या छोट्या हॉस्पिसच्या दुकानांत चिनीमातीची भांडी बघा. यॉर्कशरच्या हॉर्नसी पॉटरीचे बरणीसारखे डबे हमखास दिसतात, वर गोल लाकडी झाकण. हा कारखाना २००० मध्ये बंद झाला. माझ्याकडे तपकिरी-केशरी नक्षीचे तीन आहेत, एकात गोडा मसाला, एकात मेतकूट, एकात सुक्या मिरच्या. झाकण हवाबंद ठेवणारी रिंग कडक झाली असेल तर मसाल्याचा वास उडतो, तेवढं दुकानातच झाकण लावून तपासा.

दानही करा. तुम्ही इथे आयकर भरत असाल तर दुकानात ‘गिफ्ट एड’चा अर्ज भरा. तुमची वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पौंडावर सरकार संस्थेला आणखी पंचवीस पेन्स देतं, तुम्हाला काही पडत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या मंडळातल्या कितीतरी घरांतून चांगल्या वस्तू कौन्सिलच्या कचरा केंद्रात जाताना बघते, तेव्हा वाईट वाटतं.

जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दुकान उघडताना. काउंटरवरच्या बाईंना दान आलेल्या सामानाची गाडी कोणत्या दिवशी येते ते विचारा. त्या आनंदाने सांगतात. टेप आणि टॉर्च पिशवीत ठेवा, आणि घरातल्या जिन्याचं वळण आधीच मोजून ठेवा, कारण इथल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि साइडबोर्ड दोन मीटरच्या आसपास. एवढी तयारी असेल तर पुढच्या आठवड्यात काउलीला या. मी लॅडरॅक्सच्या शिड्या शोधत्येय, भिंतीला लावायच्या धातूच्या, ज्यांच्यावर फळ्या अडकवतात. कुणाला दिसल्या तर मला कळवा.