जागलीवरचं चार्जिंग: पंपाची बॅटरी, पॉवर बँक आणि सोलर पॅनेल, जून ते मे वापरल्यानंतर

खोपडीवर लाइन नाही. विहिरीवर आहे ती थ्री फेज, आणि तीही पाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला की जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, सुरू होते आणि रात्रभर मोबाईल-टॉर्च जिवंत ठेवायचा प्रश्न उभा राहतो. चार्ज करायला होतं ते असं: ५००० एमएएचचे दोन स्मार्टफोन, एक बटणाचा मोबाईल, डोक्याला लावायचा टॉर्च आणि डुकरं-रोही (नीलगाय) हाकलायला कुत्र्यांचा आवाज लावून ठेवायचा ब्लूटूथ स्पीकर. त्यासाठी वापरलं ते: २०००० एमएएचची साधी पॉवर बँक, पाठीवर सोलरची पट्टी असलेली दुसरी पॉवर बँक, फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी आणि २० वॅटचं पॅनेल.

आधी हिशेब, कारण दुकानात सगळे एमएएचवरच भांडतात. पॉवर बँकेवर लिहिलेले २०००० एमएएच आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचे असतात. म्हणजे ७४ वॅट-तास. ते ५ किंवा ९ व्होल्टला चढवताना पंधरा टक्क्यांच्या आसपास उष्णतेत जातात, हाती ६३ उरतात. ५००० एमएएचच्या फोनमध्ये १९ वॅट-तास मावतात, पण फोनही चार्ज होताना तापतो, म्हणून भिंतीतून घ्या की बँकेतून, २२ धरून चाला. भागाकार केला तर तीन फोनही पूर्ण भरत नाहीत. 'चार वेळा फुल' हा खोक्यावरचा मजकूर खोक्यावरच राहू द्या. खोक्यावर बारीक अक्षरात ५ व्होल्टवरची 'रेटेड कपॅसिटी' असते, १२००० च्या जवळपास. घेताना तोच आकडा बघायचा. सोबत बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव खोक्यावरच्याशी जुळलं नाही तर ठेवून द्या.

साधी बँक वर्षभर नीट चालली. तक्रारी दोनच. १० वॅटच्या जुन्या चार्जरवर ती भरायला नऊ तास घेते, १८ वॅटच्या पीडी (टाइप-सीवरच्या जलद चार्जिंगच्या) चार्जरवर पाचेक तास, तेव्हा बँकेसोबत चार्जरही बदलावा लागतो. दुसरी तक्रार बटणाच्या मोबाईलची. त्याला करंट इतका कमी लागतो की भरत आलं की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपते. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो. तो नसेल तर सोबत दुसरी एखादी वस्तू लावून ठेवायची.

सोलरची पट्टी असलेली बँक मात्र घेऊ नका. तिच्या पाठीवरची पट्टी दीड वॅटच्या आत-बाहेर असते. ७४ वॅट-तास भरायला लख्ख उन्हाचे पन्नासावर तास, म्हणजे दहा-बारा दिवस लागतात. बरं, ऊन द्यायचं म्हणजे आतले लिथियमचे सेलही उन्हातच ठेवायचे. पट्टी जितकी तापेल तितके सेल तापतात. एप्रिलमध्ये धुऱ्यावर ठेवलेली ही बँक मधोमध फुगली. पट्टी आणि बॅटरी एकाच डब्यात घालणं ही चूकच आहे.

आता पंपाच्या बॅटरीचं. खरं काम तिनं केलं. बॅटरीवरचे पंप आता जवळपास घरोघरी आहेत, आत १२ व्होल्टची ८ किंवा १२ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. रब्बीत तो पंप हरभऱ्यावर घाटेअळीच्या एक-दोन फवारण्या सोडल्या तर पडून असतो. पडून राहिलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी आपोआप उतरते, उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि जूनमध्ये पंप काढला की दोन टाक्यांत दम सोडते. जागलीवर वापरून पुन्हा भरत राहिली तर उलट टिकते. तेव्हा मोबाईलसाठी तिचा वापर म्हणजे बॅटरीवर जुलूम नाही, फक्त तळापर्यंत न्यायची नाही.

८ अँपिअर-तास म्हणजे ९६ वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, ४८. कार चार्जरमध्ये पंधरा टक्के गेले की ४१. म्हणजे दोन फोन, तेही कसेबसे. १२ अँपिअर-तासाच्या बॅटरीत तीन फोन जवळपास होतात. ८ ची पूर्ण उतरवली तर जवळपास चार फोनही करता येतील, पण अशानं बॅटरी फार लवकर संपते.

जोडणी अशी. पंपाच्या बुडाचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढा. दोन्ही टर्मिनलच्या मापाचे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) घ्या, नुसती तार गुंडाळू नका. पॉझिटिव्हच्या तारेत बॅटरीपासून एका वितीच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसह. पुढे १ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडतार, आणि तिच्या टोकाला गाडीत असतं तसं लायटरचं सॉकेट. त्यात कार चार्जर. फ्यूज गाळायचा मोह होतो, कारण बॅटरी लहान दिसते. पण दोन तारा एकमेकांना चिकटल्या तर ही लहान बॅटरी शंभर अँपिअरवर ओकते, तार लाल होते, आणि खोपडी तणसाची असते.

कार चार्जर शे-दीडशेचा घेतला तर वर '३.१ अँपिअर' लिहिलेलं असतं आणि एक फोन लावला तरी हाताला चटका बसतो. १८ किंवा २० वॅटचा, टाइप-सी पोर्टवर पीडी असलेला घ्या. काही कंपन्यांच्या फोनचं जलद चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालतं, असा फोन कार चार्जरवर हळूच भरेल. त्यात बिघाड काही नाही. आणि हळू भरलेला फोन कमी तापतो, रात्र तर सगळी पडलेलीच असते.

बॅटरी किती उरली हे कळायला सॉकेटजवळ तीन आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर लावला. भार काढून दहा-पंधरा मिनिटांनी वाचायचा: १२.७ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. फोन लागलेला असताना आकडा थोडा खालीच दिसतो, तरी ११.८ दिसला की थांबायचं. या मीटरनंच एक बॅटरी खाल्ली. तो कायम पेटलेला ठेवला की २० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. दिवसाला अर्धा अँपिअर-तास झाला, म्हणजे ८ ची बॅटरी सोळा-सतरा दिवसांत कोरडी. फोन कुणी लावला नाही, तरी बॅटरी मेली. कार चार्जरचा निळा दिवाही असाच चोरून पितो. पॉझिटिव्हच्या तारेत एक साधं बटण टाका आणि सकाळी खोपडी सोडताना बंद करा.

इथे एक गोष्ट गमतीत घेऊ नका. पंपाच्या बुडाला, पट्ट्यांना, बॅटरीच्या कप्प्यात औषध लागलेलं असतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. तो पंप झोपायच्या जागी उशाशी आणायचा नाही. बॅटरी काढून ओल्या फडक्यानं टर्मिनल वगळून पुसायची, हात साबणानं धुवायचे आणि मगच फोनला हात लावायचा. फोन दिवसभर गालाला लागतो. अजून चांगलं म्हणजे जागलीसाठी त्याच मापाची वेगळी बॅटरी ठेवायची.

बॅटरी भरायला २० वॅटचं पॅनेल पुरतं. ४० वॅटचं सुचवतात, पण ते सव्वादोन अँपिअर देतं, आणि ८ च्या लेड-अ‍ॅसिडला दोन-सव्वादोनच्या वर करंट सोसत नाही. २० वॅटचं पॅनेल १७-१८ व्होल्टवर १.१ अँपिअर देतं. बॅटरी १३ व्होल्टच्या आसपास असते आणि पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळायला लावायचा साधा, पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर जास्तीचे व्होल्ट वाया घालवतो, म्हणून हाती १४ वॅट येतात. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. निम्मी उतरलेली बॅटरी डिसेंबरच्या एका दिवसात भरते. जुलै-ऑगस्टच्या झडीत चौथाईही मिळत नाही, तेव्हा बॅटरी घरी नेऊन पंपाच्या चार्जरवरच लावावी लागते.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सोडवताना उलट, पॅनेल आधी. नुसतं पॅनेल लावलं तर स्वस्त कंट्रोलर गोंधळतो आणि २० व्होल्ट पुढे ढकलतो, मग पुढे जे असेल ते जातं. कंट्रोलरवरच्या यूएसबीवर फोन लावून बघितला, फार हळू भरतो. तो बटणाच्या मोबाईलसाठी ठेवा. पॅनेल दक्षिणेला तोंड करून वीस-एकवीस अंशांवर उभं करायचं, म्हणजे एक मीटर लांबीला मागची बाजू हातभराहून थोडी कमी उचललेली. सावलीचं मात्र काटेकोर बघा. आतले ३६ सेल एका माळेत असतात, पळसाच्या एका पानानं एक सेल झाकला तरी सगळ्या माळेचा करंट पडतो. मचाणाचा एक बांबू दुपारी दोननंतर पॅनेलवर आडवा सावली टाकत होता, तेवढ्यानं निम्मी दुपार गेली. धूळ आठवड्यातून एकदा सकाळी पुसायची, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारायचं नाही. वानरांवर उपाय सापडला नाही.

उन्हाळ्यात सगळ्याच आकड्यांतून थोडं वजा करा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पॅनेल ६५-७० अंशांवर तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.४ टक्के शक्ती घटते, म्हणजे ऊन सगळ्यात कडक तेव्हाच सोळा-अठरा टक्के कमी. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायचीच नसते. टिनाच्या खोलीत दुपारी ती हद्द सहज ओलांडते, फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो आणि लोक केबलला दोष देतात. उन्हाळ्यात पहाटे चार ते आठ हीच चार्जिंगची वेळ. फोनचं कव्हर काढायचं, उशीखाली ठेवायचा नाही, आणि माठाच्या ओल्या बुडाला टेकवून गार करायचा शहाणपणाही नको, पाणी पोर्टमध्ये शिरतं.

पोर्टवरून आठवलं. कापूस वेचताना फोन खिशात असतो आणि रुईचे तंतू टाइप-सीच्या खाचेत जाऊन दबत बसतात. महिनाभरात तळाशी नमद्यासारखा थर होतो. पिन पूर्ण आत बसत नाही, हलली की चार्जिंग तुटतं, आणि दुकानदार पोर्ट बदलायचे पैसे सांगतो. फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीनं कडेकडेनं खरवडा, उजेडात बघाल तर काळसर गोळाच बाहेर येतो. सुई नको. बाभळीचा काटाही नको, त्याचं टोक इतकं कडक की पिनांवरचा मुलामा खरवडतं. पावसाळ्यात ओलाव्याची सूचना आली तर तांदळाच्या डब्यात घालू नका, कणी आत जाते. तोंड खाली करून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. ओल्या पोर्टमध्ये केबल लावली की पिना हिरव्या पडतात, तो पोर्ट मग खरंच बदलावा लागतो.

केबल अर्ध्या मीटरची, जाड घ्या. दोन मीटरच्या बारीक केबलमध्ये अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो आणि फोन 'स्लो' दाखवतो. खोपडीत केबल खाली सोडू नका, उंदीर आहेत.

वीज कडाडत असताना तारेला लावलेला फोन कानाला लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, पण त्याला नेट लागतं आणि वावरात रेंज धुऱ्यापुरतीच. कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या झटका मशीनच्या बॅटरीवरून फोन चार्ज करणारेही आहेत. ती बॅटरी उतरली की कुंपणाचा झटका मंद होतो, आणि कुंपणाच्या तारेवर वीज उतरली तर तीच वाट फोनपर्यंत येते. टाळा.

गावातल्या घरी वेगळाच धोका. संध्याकाळी व्होल्टेज १६० वर येतं, पंखा रांगतो, पण मोबाईलचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला फरक पडत नाही. मारतो तो डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला तर. तेव्हा एका घरात दिवे मंद, दुसऱ्या घरात ३००-४०० व्होल्ट. पंखा अचानक जोरात फिरायला लागला, बल्ब लखलखला की विचार न करता मेन पाडायचा. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो, मिनिटभर टिकलेल्या ४०० व्होल्टपुढे तो स्वतःच जळतो.

बाजारातला थेट भिंतीत खोचायचा स्वस्त टॉर्च घेतला असेल तर तो लागलेला असताना उघडू नका, पेटवूही नका. आतला भाग सरळ २३० व्होल्टला जोडलेला असतो, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. यूएसबीवर चार्ज होणारा टॉर्च बरा, पॉवर बँकेवरही चालतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी मेल्यावर तिच्या जागी १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट टाकली. वजन निम्म्याहून कमी, आणि ७७ वॅट-तासांतले ऐंशी-नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात, म्हणजे हाती ८ च्या लेड-अ‍ॅसिडपेक्षा जास्तच. कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग असायला हवी, चार्जर १४.६ व्होल्टच्या वर जाणारा नको, आणि आत बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं सर्किट) आहे की नाही ते विचारून घ्यायचं. व्होल्टमीटर मात्र तिथे बिनकामाचा: नव्वद टक्के भरलेली असो की तीस टक्के, तो तेराच्या आसपासच घुटमळतो, आणि मग एकदम पडतो.