बर्फाच्या वादळात गाडी अडकली तर: आत थांबायचं की चालत निघायचं?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराला ब्लिझार्ड, म्हणजे बर्फाचं मोठं वादळ, आलं तेव्हा एअरपोर्टवर जवळपास ५२ इंच बर्फ पडला, काही लोक गाडीत दगावले, काही बाहेर चालताना, म्हणून हा प्रश्न इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी आधीच सोडवून ठेवायला हवा.

चालत निघायचं तर समोरचं घर शंभर पावलांवर दिसतं, पण वाऱ्याने बर्फ उडायला लागला की स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नाही, दिशा चुकते, घामाने कपडे ओले होतात आणि मग अंग झपाट्याने गार पडतं. आसरा अगदी जवळ आणि स्पष्ट दिसत असेल तरच निघा, नाहीतर नाहीच.

गाडीत निदान वारा लागत नाही, आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. पण खरा धोका सायलेन्सरचा आहे. त्याचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, ना वास ना रंग, झोप आल्यासारखं वाटतं आणि संपलं. म्हणून आधी ते तोंड हाताने मोकळं करा, मग तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा, वारा ज्या बाजूने लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी. अँटेनाला लाल कापड बांधा, हातपाय हलवत राहा.

माझं मत पक्कं आहे, गाडीतच थांबा. डिकीत ब्लँकेट, फावडं, पाणी आणि चिक्की आजच टाका.