अंगणातला खड्डा साफ करणारी कंपनी: साडेतीन तारे

आम्ही राहतो मेरीलँडमध्ये, एलिकॉट सिटीजवळ. नव्या वसाहतीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात एक खोलगट वाफा आयताच मिळाला. हे म्हणाले, "बिल्डरचं काम अर्धवट राहिलंय, माती टाकून भरून घेऊ." नशीब, मी आधी कागद वाचले. तो खड्डा बुजवायची मुभाच नाही. इथल्या २००७ च्या कायद्याप्रमाणे नव्या बांधकामातून पावसाचं पाणी शक्य तितकं रानातून वाहावं तसंच बाहेर पडायला हवं. म्हणून वसाहतीच्या टोकाला एकच मोठं तळं न करता घरोघरी पाणी जिरवणारे असे छोटे वाफे. निगा मात्र घरमालकाच्या गळ्यात.

आमच्या छपराचा मागचा उतार ७०० चौरस फुटांचा. इंचभर पाऊस झाला की पन्हळीतून सोळाशे लिटर पाणी त्या वाफ्यात उतरतं. ते दोन दिवसांत जिरायला हवं. आमच्याकडे पाचव्या दिवशीही उभं, वर डासांच्या अळ्या वळवळतायत. माहेर चिपळूणचं, २०२१ चा पूर आईनं माळ्यावर बसून काढलाय. साचलेलं पाणी दिसलं की मला झोप लागत नाही.

एप्रिलमध्ये ही कंपनी बोलावली. दोन पोरं आली, चाळीस मिनिटांत काम उरकून ३८० डॉलर घेऊन गेली. वर सालीचे तुकडे पसरलेले, दिसायला छान. जूनच्या पहिल्याच गडगडाटी पावसात ते तुकडे तरंगले आणि जास्तीचं पाणी जायच्या जाळीवर जाऊन बसले. पाणी तळघराच्या खिडकीला टेकलं. शिवाय माझं जो-पाय वीड हे फुलझाड मुळासकट उपटलं होतं. नावात 'वीड' आहे, म्हणून तण!

फोन केला, तर वाद न घालता सुपरवायझर स्वतः आला. त्यानं फावड्यानं वरचा थर उचलून माझ्या हातावर ठेवला: राखाडी, चिकट, पणत्या कराव्यात अशी माती. शेजारची घरं बांधताना वाहून आलेला गाळ. तो दोन इंच खरवडला, वाळूमिश्रित माती भरली आणि वर कुटलेल्या लाकडाचा चोथा टाकला; तो एकमेकांत गुंततो, तरंगत नाही. मग नळी लावून वाफा काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बघायला हजर. पाणी नव्हतं. फक्त सामानाचे १४० डॉलर घेतले.

"२०१६ आणि २०१८ ला एलिकॉट सिटीची मेन स्ट्रीट बुडाली, तसल्या पावसाला हा पुरणार नाही हं," हेही त्यानंच सांगितलं. हा नेहमीच्या इंच-दोन इंच पावसाचा गडी. खरं बोलल्याबद्दल अर्धा तारा जास्त.

असं काम कुणालाही दिलंत तर पहिल्याच दिवशी सुपरवायझर मागा, आणि ठेवायच्या झाडांना लाल फीत बांधा. जो-पाय मी पुन्हा लावलंय. अजून गुडघ्याएवढंच आहे.